बाटलीतून पाणी नेलं, उत्तर कधी आणणार?

कातळावरचा (धागाकर्ता)

परवा विहिरीतला गाळ काढायला गडी बोलावले होते. दहाच्या चहाला पडवीत बसलो तेव्हा त्यातल्या म्हाताऱ्याने सहज विचारलं, "भाऊ, ती कॉलेजची पोरं पाणी घेऊन गेली होती ना, त्याचं पुढे काय झालं?"

मला दोन मिनिटं आठवेचना. मग आठवलं. फयान वादळ आलं ११ नोव्हेंबर २००९ ला. त्याच्या पाठच्या थंडीत एक सर आणि दोन मुलं आली होती. आमचं घर खाडीपासून दोन-अडीच कुणगे आत. विहीर आजोबांनी जांभ्यात खणलेली. फाल्गुनापर्यंत पाणी अमृत, चैत्र लागला की मचूळ, आणि वैशाखात भाताला मीठ घालायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, आणि मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघतो! तर त्या मुलांनी दोरीला बाटली बांधून पाणी काढलं, बाटलीवर मार्करने 'वि-७' लिहिलं. एकाने विचारलं, "काका, तुमच्या आठवणीत हे पाणी खारट कधीपासून व्हायला लागलं?" हा प्रश्न त्याआधी मला कोणी विचारला नव्हता, नंतरही नाही. शहाळी काढून दिली, पोरं खूश. "अहवाल आला की कळवतो," असं सर जाताना म्हणाले.

मग बसल्या बसल्या आमच्या वाडीत येऊन गेलेली बाकीची मंडळी मोजली. एकांनी खाजणातली माती नेली. एकांनी कालवं नेली. बचतगटाच्या बायकांकडून लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, त्यात 'आपल्या सक्षमीकरणाबाबत आपण कितपत समाधानी आहात' असा प्रश्न आणि पुढे पाच चौकटी. आमच्या वहिनीने सगळीकडे मधल्या चौकटीत खूण केली, म्हणाली, चुलीवर आमटी होती. आईच्या जात्यावरच्या ओव्या एका बाईंनी तीन दुपारी बसून रेकॉर्ड केल्या. आई गेली. त्या ओव्या कुठल्या कपाटात आहेत कोण जाणे.

परत कोणीच आलं नाही.

माणसांबद्दल तक्रार नाही, सगळी गुणी आणि कष्टाळू पोरं होती. पण हल्ली विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या, संशोधनाचा दर्जा, समाजाला उपयोग असलं बरंच पेपरात वाचतो. माझं म्हणणं एवढंच की दर्जा आणि उपयोग अशी दोन वेगळी पोती नाहीत. ज्याच्या विहिरीतलं पाणी नेलं त्याला उत्तर सांगायला परत यायचंच आहे असं ठरलं, तर काम आधीपासूनच नीट करावं लागेल. कारण मी पडवीत बसवून उलटे प्रश्न विचारणार. जे विद्यापीठांच्या आत आहेत त्यांनी जरूर लिहा.

माडाखालून

माका वाटलेला असा आमच्याकडेच होता! सुपारीचो कोळेरोग बघूक इलेले. फोटो काढल्यानी, पाना पिशयेत भरल्यानी नि गेले. मगे ते खय नि आमी खय. आमी आपले बोर्डो मारतंव.

बांधावरचा_म्हातारा

कृषी खात्यात आयुष्य काढलं, आता घरी. दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर हा धागा नुसता रडण्याचा होईल.

दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं. त्याआधी आपल्याकडे काजू म्हणजे रान. बी टाकायची, उगवेल ते झाड, लागेल ती बी. आज कुठल्याही नव्या बागेत जा, वेंगुर्ला-४ नाहीतर वेंगुर्ला-७ दिसेल. पहिली आली १९८१ ला, दुसरी १९९७ ला. मधली सोळा वर्षं वेंगुर्ल्याच्या केंद्रात कोणीतरी झाडाखाली बसून बिया मोजत आणि तोलत होतं. याला पेपरात मथळा मिळत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, नूतन झेला. जुन्या घळाने आंबा ओढला की देठ मुळातून तुटायचा, चीक सालीवर ओघळायचा, डाग पडायचा आणि पेटीचा दर पडायचा. झेल्याने देठ राखून फळ काढता येतं. यात मोठं विज्ञान काय? पातं आणि जाळी. पण ज्याने ते बनवलं तो आंबा काढणाऱ्या गड्याच्या शेजारी पुष्कळ वेळ मान वर करून उभा राहिला असणार. फळमाशीच्या रक्षक सापळ्याचंही तेच.

आणि फसलेलंही सांगतो. 'फसलेलं' हा शब्दही बरोबर नाही. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना आला, त्याच वाटेने पुढे सिंधू. सिंधूची कोय इतकी पातळ की आंबा म्हणजे नुसता गर. शास्त्र म्हणून पैकीच्या पैकी गुण. पण बागाईतदाराने हापूस काढून सिंधू लावला का? नाही. वाशीचा दलाल हापूसच मागतो. म्हणजे प्रयोगशाळेत जिंकलेलं बाजारात अडलं. ते का अडलं, यावर बसून अभ्यास करणं हेही संशोधनच की.

कातळावरचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. कृषी विद्यापीठाची केंद्रं जागेवर आहेत. भाट्याला नारळ, शिरगावला भात, पनवेलला खारजमीन, वेंगुर्ल्याला फळं. शास्त्रज्ञाची बदली होते, केंद्राची होत नाही. एखादी शिफारस काढायची तर काही वर्षं चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या, मग संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या एकत्र संशोधन बैठकीत, सगळ्यांसमोर उलटतपासणी, तेव्हा कुठे ती कृषि दैनंदिनीत छापून येते. तुमच्या बाटलीवाल्या सरांकडे असं केंद्र नव्हतं. त्यांच्याकडे फक्त परतीच्या एसटीचं तिकीट होतं.

शोधवाटेवर

काका, मी त्या दोन मुलांतली नाही, पण त्यांच्याच पंथातली. पीएचडी चालू आहे, विषय भूजलाच्याच जवळचा. ते परत का आले नसतील ते आतून सांगते. सबब म्हणून नका घेऊ.

विषय बहुतेक वेळा गाईडच्या आधीच्या पेपरांतून फुटतो, गावातून नाही. गावाचा नंबर नंतर लागतो, आणि तो बऱ्याचदा 'तिथे सरांची ओळख आहे' म्हणून. खर्चाच्या तक्त्यात 'प्रवास' असतो, पण तो नमुने गोळा करायला. निकाल सांगायला जायचं असेल तर त्याला शीर्षकच नाही. मी एकदा तसं लिहून दिलं तर लेखाविभागाने विचारलं, "नमुने तर आणलेत, आता कशाला?"

प्रबंध इंग्रजीत. त्यात 'मचूळ' हा शब्द कुठेही येत नाही. तुम्ही 'चैत्रापासून' म्हणता तेव्हा आम्ही 'मान्सूनपूर्व' लिहितो आणि तुमचा अख्खा अनुभव त्या एका शब्दात बुडवतो.

आणि शेवटचं कारण कोणी कबूल करत नाही ते, भीती. पुष्कळ वेळा उत्तर अर्धवटच असतं. तीन वर्षांनी तुमच्या पडवीत येऊन म्हणायचं काय, "काका, नक्की कळलं नाही"? ते सांगायला आम्हाला कोणी शिकवलेलं नाही. परीक्षकांसमोर बोलायला शिकवतात, विहिरीच्या मालकासमोर नाही.

बाय द वे, पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर असतात, कृषीचे कृषिकोशावर. प्रबंधाची प्रत ऑनलाइन द्यायचा यूजीसीचा नियमही २००९ मध्येच आला, तेव्हा तुमच्या सरांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध तिथे असण्याची शक्यता बरी आहे. विद्यापीठ आठवतंय का? विषय?

घाटावरचा

थोडं तिखट लिहितो, राग मानू नका.

विद्यापीठ म्हणजे पाणीपुरवठा खातं नव्हे. विहीर खारट झाली की विद्यापीठ, सुपारी गळली की विद्यापीठ! ही कामं करायला खाती आहेत, त्यांचे पगार चालू आहेत. 'समाजोपयोगी' ही अट प्रत्येक विषयाच्या गळ्यात बांधली तर शुद्ध गणित, भाषाशास्त्र, खगोलशास्त्र बंदच करा. तुमच्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथराव परांजपे १८९९ ला केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले. मुर्डीच्या सुपारीला त्याचा काय उपयोग झाला? तरी आज सव्वाशे वर्षांनी आपण अभिमानाने नाव घेतो ना?

देशाचा संशोधनावरचा खर्च सकल उत्पन्नाच्या पाऊण टक्क्याच्याही खाली आहे. त्यात पुन्हा 'गावात जाऊन निकाल वाचून दाखवा' ही नवी हमाली. आधी पैसे द्या, पदं भरा, मग हिशेब मागा.

खाडीपलीकडची

परांजप्यांचं राहू दे घाटावरचा, सरंग्याचं बघा. म्हणजे तुमच्या पापलेटाचं.

मासा किती लांब झाला की पहिल्यांदा गाबोळी धरतो, हा प्रश्न तुमच्या भाषेत अगदी शुद्ध. त्यासाठी काय करतात? बंदरावर पहाटे जायचं, उतरलेल्या टोपल्यांतले मासे पट्टीवर मोजायचे, पोट फाडून गाबोळी कितपत भरली ते लिहायचं. असं वर्षानुवर्षं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या माणसांनी हेच केलं. लोक हसायचे. पण २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांना किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली ती त्याच मोजमापांच्या जोरावर. त्याच वर्षी पापलेट राज्यमासाही झाला. तेव्हा शुद्ध आणि उपयोगी यांच्यात कुंपण घालू नका, मासा दोन्हीकडून पोहून जातो.

पण गोष्ट इथे संपत नाही. माझे बाबा तांडेल, मासेमारीच्या होडीचे प्रमुख. मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकत होते तेव्हा त्यांना मोठ्या उत्साहाने हे लांबीचं शास्त्र सांगायला गेले. बाबा म्हणाले, "बाय, जाळ्याच्या आसाला पट्टी वाचता येते का?" आस म्हणजे जाळ्याचं भोक. जाळ्यात एकाच वेळी पाच-सात जातींचे मासे येतात, प्रत्येकाची लांबी वेगळी. मग आस केवढा ठेवायचा? मोठा ठेवला तर मांदेली सुटून जाते, लहान ठेवला तर सरंग्याची पिल्लं येतात. आणि वर आलेला लहान मासा मेलेलाच असतो, परत टाकून कोणाचं भलं?

हा प्रश्न मला वर्गात कोणी दिला नव्हता, बाबांनी दिला. मी निकाल सांगायला गेले म्हणून दिला. नसते गेले तर मीही आणखी एका जातीची लांबी मोजत बसले असते. त्यामुळे परत जाणं ही हमाली नाही, पुढचा विषय तिथेच मिळतो.

माडाखालून

बाबांका नमस्कार सांग गो.

देवगडी_कलमं

चांगला धागा. कल्टार या आंबा धरवणाऱ्या औषधाबद्दल लिहितो, कारण 'शिफारस झाली, काम संपलं' हे चालत नाही ते मी बागेत भोगलंय.

हापूस एक वर्ष धरतो आणि एक वर्ष रुसतो, हे जुनं दुखणं. कोकण कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझोलचं, म्हणजे कल्टारचंच, तंत्र बसवून दिलं आणि दरवर्षी आंबा धरायला लागला. पोरांची शिक्षणं झाली त्यावर, नाकारत नाही. शिफारस अगदी नेमकी आहे. झाडाचा घेर मोजा, व्यासाच्या दर मीटरला तीन मिली, पाण्यात मिसळून बुंध्याभोवती खड्डे घेऊन ओता, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. आणि खतं-पाणी वाढवा.

प्रत्यक्षात काय होतं? बाग कराराने दिलेली. करारवाला दोन-तीन वर्षांचा पाहुणा. घेर कोण मोजतो? दुकानदार सांगेल ते 'एका झाडाला एवढं'. खत कमी, औषध जास्त. झाड बिचारं पालवी विसरतं. मग म्हणायचं विद्यापीठाने झाडं मारली. विद्यापीठ म्हणणार आम्ही तीन मिली सांगितलं होतं. दोघंही खरं बोलतात आणि मधल्यामध्ये माझी कलमं सुकतात.

माझ्या मते इथे शेतीतज्ज्ञाच्या जोडीला करार समजणारा अर्थशास्त्राचा माणूस हवा होता, दुकानदार आणि बागाईतदार यांच्यातलं बोलणं टिपणारा समाजशास्त्राचा माणूस हवा होता. ती माणसं मुंबई विद्यापीठात असतात, ही दापोलीत, आणि दोघांची गाठ पडत नाही. पडली तर चर्चासत्रात, जेवणाच्या रांगेत.

साक्याचंही तसंच. फळ बाहेरून देखणं, कापलं की आत पांढरट आंबट स्पंज. त्याचं कारण कोयीतच दडलंय, बी रुजायच्या तयारीला लागतं आणि गरातलं सत्त्व ओढतं, असं संशोधकांनी दाखवलं. ते मूलभूत काम बेंगळुरूच्या संस्थेत झालं, आणि मला उपयोग इतकाच की आंबा झाडावर पूर्ण पिकू द्यायचा नाही, चौदा आण्याला काढायचा. आज्याला हे ठाऊक होतं, कारण मात्र ठाऊक नव्हतं. कारण कळलं म्हणून मी आता आण्यावर न थांबता पुढचं विचारू शकतो.

तासिकावाला

रसायनशास्त्र शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात; संशोधन केलं तर ते हौसेखाती. सुट्टीत पगार नाही, आणि विहिरी नेमक्या मे महिन्याच्या सुट्टीत खारट होतात. विनोद नाही, हेच मुख्य कारण आहे.

आधी एका महाविद्यालयात होतो, नाव नको. तिथे अनुदानातून धातू मोजायचं मोठं यंत्र आलं, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन. नारळ फुटला, फोटो निघाले, आणि दुसऱ्या पावसाळ्यापासून ते प्लास्टिकच्या आवरणाखाली आहे. का? त्यातला दिवा गेला. दिवा घ्यायला पैसे 'उपकरण' या शीर्षकात बसत नव्हते, कारण उपकरण आधीच घेतलं होतं. 'रसायनं' मध्येही बसत नव्हते, कारण दिवा हे रसायन नाही. वर्षाची देखभाल कोणी धरलेलीच नव्हती. चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. खारी हवा आणि जूनमधली वीज यांनी उरलेलं काम केलं. मुलांचे नमुने आम्ही पैसे भरून बाहेर पाठवायचो, यंत्राच्या शेजारून.

संशोधन बळकट करायचं म्हणजे नवं यंत्र घ्यायचं, अशी एक समजूत आहे. माझ्या मते आधी तंत्रज्ञाचं एक कायम पद भरा. चांगला तंत्रज्ञ असेल तर मध्यम यंत्रावर दहा वर्षं उत्तम काम होतं. आणि जिल्ह्यातल्या पाच कॉलेजांनी मिळून एकच यंत्र ठेवा, पण ते पाचांनाही उघडं असू दे. किल्ली विभागप्रमुखाच्या खिशात नको.

पेपरांबद्दल बोलू नये, पण बोलतो. बढतीला पेपर मोजतात, म्हणून पैसे घेऊन तीन दिवसांत छापून देणारी नियतकालिकं निघाली. ती अडवायला यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी काढली, आता २०२५ मध्ये तीही गुंडाळली. जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर. एका वर्षी मला सहकाऱ्याने विचारलं होतं, "तुमचं नाव दुसरं टाकू का? अर्धे पैसे द्या." त्याने काय मोजलं होतं ते मी विचारलं नाही.

सडेफिरस्ता

वाचतोय. एक भर घालतो. कातळशिल्पं आधी कोणी पाहिली? गुराख्यांनी. नोंदली कोणी? रत्नागिरी-राजापूरच्या हौशी मंडळींनी, सुट्टीच्या दिवशी उन्हात सडे तुडवून, गावोगाव म्हाताऱ्यांना विचारून. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा तो प्रचंड हत्ती, त्याच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी, तासभर बघितलं तरी पुरत नाही. कोणी कोरली, केव्हा, कशासाठी, हे प्रश्न उघडेच आहेत. तिथे विद्यापीठ हवं. पण गावकऱ्याला बाजूला सारून नव्हे, त्याच्या मागून.

वेळासला २००२ पासून गावाने कासवाची घरटी राखली. २०२२ मध्ये आपल्या किनाऱ्यावरच्या पाच कासविणींच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं तेव्हा त्यांची नावं ठेवली, प्रथमा, सावनी, रेवा वगैरे. कुठली कुठवर पोचली त्याच्या बातम्या येत राहायच्या आणि लोक चहाच्या टपरीवर त्यावर बोलायचे. याला म्हणतात निकाल परत येणं. कासव नाही आलं तरी.

देवगडी_कलमं

मुळात कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ हवं. १८५७ चं मुंबई विद्यापीठ, त्याला दोडामार्गच्या पोराचं काय पडलंय? उपकेंद्रं दिली, पण सही आणायला अजून मुंबईच.

घाटावरचा

पाटी बदलून यंत्रातला दिवा पेटणार आहे का? नवं विद्यापीठ म्हणजे नवे कुलगुरू, नवी इमारत, नवी गाडी. पहिली दहा वर्षं रंगकामात.

देवगडी_कलमं

गाडी तुमच्याकडे आहे म्हणून बोलताय.

संपादक

स्वतंत्र विद्यापीठावर वेगळा धागा काढावा. इथे मूळ विषयावर राहू.

कातळावरचा

सगळ्यांचे आभार, एवढ्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती. घाटावरचा, तुमचा मुद्दा मानतो. मला विद्यापीठाने टँकर पाठवायला नको आहे. मला जाणून घ्यायचंय. माझ्या विहिरीचं पाणी खारट का होतं, खाडीमुळे की वरच्या वाडीत झालेल्या बोअरवेलींमुळे की खारं पाणी अडवणारी खारबंदी पडल्यामुळे, हे कुतूहल मलाही आहे. तेही शुद्धच आहे.

मला सुचतं ते असं. प्रबंध जमा करायच्या आधी मराठीत दोन पानं लिहावीत आणि जिथून नमुना घेतला तिथल्या ग्रामसभेत वाचावीत. लोकांनी विचारलेले प्रश्न प्रबंधाच्या शेवटी छापावेत, उत्तर नसेल तर 'उत्तर नाही' असं लिहून. परीक्षकाने ते पान आधी वाचावं.

बांधावरचा_म्हातारा

ग्रामसभेला कोरम होत नाही हो! गणपतीत वाचा. चाकरमानी असतात, ऐकायला माणसं मिळतील. आरतीनंतर, प्रसादाआधी.

शोधवाटेवर

काकांची सूचना मी माझ्यापुरती तरी करणार आहे. पण मला वाटतं खरी गोम वेळेची आहे. पीएचडी तीन-चार वर्षांची, विहिरीचं दुखणं तीस वर्षांचं. प्रत्येक मुलगा नवं गाव, नव्या विहिरी धरतो, कारण विषय 'नवा' दिसायला हवा. त्याऐवजी विभागाने एका खाडीच्या काठच्या पंचवीस-तीस विहिरी कायमच्या धराव्यात. मुलं बदलतील, विहिरी त्याच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, तिच्याशी जोडून घ्यायचं. पंधरा वर्षांची सलग नोंद हातात असली तर जगातलं कुठलंही चांगलं नियतकालिक दार उघडेल, पैसे न घेता. आणि गावालाही कळेल की बोअर मारायच्या आधी पाणी कसं होतं.

तासिकावाला

+१. आणि त्यात रसायनापेक्षा आधी भौतिक समजून घ्यावं लागतं. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून गोडं वर तरंगतं. पुस्तकातला हिशेब असा की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी असतं. म्हणजे उपशाने पातळी एक हात उतरली तर खालचं खारं पाणी चाळीस हात वर सरकू शकतं. जांभ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, तिथे पुस्तक तंतोतंत लागू पडेल असं नाही. म्हणूनच प्रत्येक विहीर मोजावी लागते. पिण्याच्या पाण्यात क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्या, असं भारतीय मानक म्हणतं. जिभेला साधारण त्या पहिल्या आकड्याच्या आसपास कळायला लागतं. काकांच्या घरचा भात म्हणजे उपकरणच आहे.

कातळावरचा

बायको म्हणते, उपकरणाला देखभाल लागते ते सांगा त्यांना.

शोधवाटेवर, तू विचारलं होतंस. विद्यापीठ आठवत नाही, पण सरांच्या बोलण्यात 'किनारपट्टीचं भूजल' आलं होतं. साल २००९ संपता संपता किंवा २०१० ची सुरुवात. बाटलीवर वि-७, 'वि' म्हणजे विहीर, मीच हसलो होतो की आमची सातवी का.

शोधवाटेवर

शोधते. शीर्षकात रत्नागिरी आणि भूजल असलेले बरेच निघतील. थोडा वेळ द्या, आमच्याकडे रेंज खिडकीत बसल्यावरच येते.

शोधवाटेवर

काका, एक सापडलाय, तुमचाच असावा. गावाचं नाव आहे, फक्त स्पेलिंग भलतंच. नकाशात खाडीच्या दक्षिणेला ठिपके आहेत. पीडीएफ तुकड्यातुकड्यांनी उघडतेय.

कातळावरचा

वि-७ आहे का बघ.

शोधवाटेवर

आहे. 'डब्ल्यू-७' केलंय त्यांनी. 'उघडी विहीर, जांभा, मालकाच्या सांगण्यानुसार सुमारे वीस वर्षांपासून उन्हाळ्यात खारट.' तुमचं म्हणणं लिहून ठेवलंय काका, तक्त्याच्या खाली, बारीक अक्षरात. पावसाळ्यानंतरचा रकाना भरलेला आहे, हिवाळ्याचा भरलेला आहे. मे महिन्याचा रिकामा. नुसती आडवी रेघ. शेजारच्या वि-६ आणि वि-८ चे आकडे आहेत, तुमचाच नाही. का ते दिलेलं नाही.

कातळावरचा

थांब. आले होते ते मे मध्ये. आता आठवलं. आंबा पडायला लागला होता, पेट्या भरायच्या होत्या, गाडी दारात उभी. चष्मेवाला पोरगा एकटाच आला होता उन्हातून. मीच म्हटलं, आज नको रे, पाऊस पडल्यावर ये.

खाडीपलीकडची

अरे देवा.

कातळावरचा

यंदाचा मे अजून जायचाय. मी पाणी भरून पाठवलं तर कोणी तपासून देईल का? पैसे देतो.

तासिकावाला

पैसे नकोत. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या, औषधाची किंवा कोल्ड्रिंकची नको. त्याच विहिरीच्या पाण्याने तीनदा विसळा. पहाटे, पंप लावायच्या आधी भरा, काठोकाठ, आत हवा राहू देऊ नका. बाटलीवर तारीख, वेळ आणि त्या वेळी खाडीला भरती होती की ओहोटी ते लिहा. अमावास्येच्या आसपास एक आणि अष्टमीच्या आसपास एक, अशा दोन बाटल्या. शेजारची सहा आणि आठ नंबरची विहीर कोणाची, तेही बघून ठेवा, त्यांच्याही लागतील.

कातळावरचा

सहा नंबर चुलत्यांची. आमचं बोलणं नाही गेली चार वर्षं. बघतो, वहिनीला पाठवतो.